वस्तीवर माहितीपट करताय, तर पहिला प्रेक्षक आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी वडोदऱ्याची, घरी मराठी. शहराच्या कडेला असलेल्या देवीपूजक समाजाच्या एका वस्तीवर वीस-पंचवीस मिनिटांचा माहितीपट करते आहे. त्यांची ओळख आणि 'आपण इथले आहोत की नाही' ही त्यांची घालमेल दाखवायची आहे. चौदा तासांचं चित्रण झालंय. पण जुळवायला बसले की एकतर दया वाटते, नाहीतर कौतुक. कुठे चुकतंय? कोणते चित्रपट पाहू?"

तुमच्या चौदा तासांत माल नक्की असेल. मला शंका आहे ती वेगळ्या गोष्टीची. जुळणी करताना तुमच्या मनात समोरच्या खुर्चीवर कोण बसलेलं असतं? बहुधा महोत्सवातला परीक्षक, विद्यापीठातले सर, किंवा दांडिया बाजारात राहणारी तुमची आत्या. त्यांना वस्ती समजावून सांगायची म्हणून तुम्ही एकेक तुकडा निवडता. समजावण्याच्या भरात माणसं नमुना होऊन बसतात. मग नमुन्याची दया येते किंवा त्याचं कौतुक होतं, तिसरं काही होत नाही. तेव्हा आधी पहिला प्रेक्षक बदला. पहिला खेळ वस्तीतच होणार आहे असं पक्कं ठरवा आणि मग जुळवायला बसा. पुढे मी जे काही सांगणार आहे ते या एका निर्णयातूनच निघतं.

हे मला कोणी शिकवलं नाही, तोंडावर पडून कळलं. सत्तावीस वर्षं मी वडोदऱ्यात संकलनाचं काम करते. सुरुवातीच्या काळात एका संस्थेसाठी रेल्वे रुळांलगतच्या वस्तीवर फिल्म जुळवली होती. चित्रण ऐन पावसाळ्यातलं. चिखल, गळकी ताडपत्री, चुलीत न पेटणारी लाकडं. मला ते फार परिणामकारक वाटलं होतं. त्यावर पुरुषी, भारदस्त आवाजातलं निवेदन, "हे लोक" अशी सुरुवात करणारं. फिल्म पूर्ण झाल्यावर कोणीतरी म्हणालं, वस्तीतही दाखवू. दाखवली. निवेदन सुरू असताना लोक आपापसात बोलत होते, मुलं एकमेकांना पडद्यावर ओळखून ओरडत होती. एका ठिकाणी मात्र सगळे गप्प झाले. एक म्हातारी मुलाच्या शर्टाला बटण लावताना सुईत दोरा ओवत असते, तीनदा चुकतो, चौथ्यांदा जातो. चाळीस सेकंदांचा तो तुकडा मी कापायचाच म्हणत होते, वेळ राहिला म्हणून तो वाचला होता. फिल्म संपल्यावर एक बाई माझ्याकडे आली. रागावली नव्हती, पण दुखावली होती. म्हणाली, "दिवाळीमां आववुं हतुं ने." दिवाळीत यायचं होतं ना. दिवाळीला तिने घर सारवलं होतं, भिंतीला रंग दिला होता, दारावर तोरण होतं. मुलीचं लग्नही त्याच सुमारास झालं होतं. वर्षातले दोन महिने चिखल असतो. तिला तिच्या घराचं चित्र म्हणून उरलेले दहा महिने हवे होते, आणि मी नेमका तो चिखल उचलून आणला होता.

ती बाई तेव्हा जे म्हणाली तेच तुमच्या 'आपण इथले आहोत की नाही' या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला आज वाटतं. जिथे आपण भिंत रंगवतो तिथले आपण असतो. रेशनकार्ड कॅमेऱ्यासमोर धरलेला हात मी आजवर पन्नासेक फिल्मांत पाहिला असेल. तो हात खरा असतो, अडचणही खरी असते, पण त्या तुकड्यात माणूस अर्जदार म्हणून उभा असतो. तुमच्याकडे भिंत रंगवणारं कोणी आहे का ते चौदा तासांत शोधा. नसेल तर दिवाळीत पुन्हा जा.

आता नावाबद्दल, कारण देवीपूजक समाजावर फिल्म करायची तर नावाला बगल देता येणार नाही. जुनं नाव वाघरी. गुजरातीत हा शब्द आजही शिवीसारखा सर्रास वापरला जातो. कोणी मळका दिसला, कोणी मोठ्याने भांडला की लोक पटकन तो शब्द फेकतात, आणि आपल्या मराठी घरांतली मुलंही शाळेत तो शिकून येतात. म्हणून समाजाने देवीपूजक हे नाव घेतलं. आपल्या घरांत याच बायकांना आपण तिसऱ्या नावाने ओळखतो: बोहारीण. जुने कपडे घेऊन स्टीलची पातेली देणारी. ओटल्यावर बसून आपली आई तिच्याशी एका डब्यासाठी तासभर घासाघीस करायची, आठवत असेल. मुंबईतल्या बोहारणीही बऱ्याचशा याच समाजातल्या, गुजरातेतून गेलेल्या. आपण कपडे दिले, भांडी घेतली, पण ती त्या कपड्यांचं पुढे काय करते हे कधी विचारलं नाही. ती ते धुते, उसवलेलं शिवते, बटणं लावते, इस्त्री करते आणि बाजारात विकते. अहमदाबादला दिल्ली दरवाजाजवळ अशा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार आहे. कितीतरी लोक अंगावर काय घालतात याचा एक मोठा हिशेब या बायकांच्या हातात असतो. तुमच्या फिल्ममध्ये ही साखळी आहे का? असेल तर तिचं सुरुवातीचं टोक आपल्याच ओटल्यावर आहे, आणि तिथून सुरुवात केलीत तर बघणाऱ्या आत्यालाही अलिप्त राहता येणार नाही.

कोणतं नाव कधी वापरायचं हे तुम्ही ठरवू नका. वस्तीतली माणसं आपसात स्वतःला काय म्हणतात, पोलिसासमोर काय म्हणतात, शाळेच्या अर्जावर काय लिहितात, हे ऐका. तीन ठिकाणी तीन नावं येतील. ती तिन्ही फिल्ममध्ये येऊ द्या, निवेदनात स्पष्टीकरण देऊ नका.

माता नी पचेडीबद्दल, म्हणजे देवीचं चित्र रंगवलेल्या कापडाबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी तुम्हाला ती फिल्ममध्ये घालायला सांगेलच, म्हणून आधीच बोलते. मंदिरात प्रवेश नव्हता, तेव्हा या समाजातल्या चितारांनी कापडावरच देवीचं मंदिर रंगवलं. मध्ये माता, भोवती भक्त, जनावरं, मिरवणूक, रंग काळा आणि तांबडा. काळा रंग गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून करतात. तांबडा तुरटीच्या प्रक्रियेनंतर कापड उकळून येतो, आणि मग कापड साबरमतीच्या वाहत्या पाण्यात धुतात. 2023 साली भानुभाई चितारांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी या कलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. मला ही गोष्ट विलक्षण वाटते. देवळात घेत नाहीत म्हणून जो समाज स्वतःचं देऊळ घडी घालून खांद्यावर टाकतो, त्याला 'आपण कुठले' हे सांगायला आपल्या फिल्मची गरजच काय, असं वाटून जातं. तरीही, तुमची वस्ती भाजी विकणाऱ्यांची आणि कपड्यांची फेरी करणाऱ्यांची असेल तर पचेडी तिच्यात ओढून आणू नका. ती कला अहमदाबादच्या मोजक्या घरांत टिकली आहे. एखाद्या घरात मेलडी मातेसमोर खरंच पचेडी टांगलेली असेल तर घ्या. सुंदर काहीतरी हवं म्हणून घेतलीत तर तेच कौतुक पुन्हा दारात येऊन उभं राहील.

आता चित्रपट. यादी देत नाही, तीन-चारच सांगते, पण ते 'समोर कोण बसलंय' हा प्रश्न मनात धरून बघा.

'भवनी भवाई' आधी बघा. केतन मेहतांचा 1980 चा गुजराती चित्रपट. भवाई या लोकनाट्याच्या अंगाने जातो, आणि भवाईचा उगम ज्या असाइत ठाकरांशी जोडला जातो त्यांनाही तो अर्पण केला आहे. गावातून परागंदा होऊन शहराकडे निघालेली अस्पृश्य माणसं रात्री वाटेत थांबतात आणि एक म्हातारा मुलांना गोष्ट सांगतो. राजाची, पाण्याची, गळ्यात मडकं आणि पाठीला झाडू बांधून चालणाऱ्यांची. म्हातारा ही गोष्ट आपल्याच मुलांना सांगतो आहे, आपण प्रेक्षक बाजूला बसून फक्त ऐकतो. त्यामुळे त्या गोष्टीत थट्टा येते, वात्रटपणा येतो, राजाची टर उडवता येते. घरातल्या माणसांत जे बोलता येतं ते सगळं येतं. शेवटही दोन आहेत, एक गोड आणि एक खरा, आणि कोणता मुलांना सांगायचा यावरच भांडण आहे. वस्तीतली मोठी माणसं मुलांना आपल्या समाजाबद्दल काय सांगतात हे तुम्ही चित्रित केलंय का? बहुतेक नसेल, कारण आपण मुलाखत घेतो तेव्हा माणूस आपल्याकडे तोंड करून बसतो.

'जैत रे जैत' (1977) तुम्ही पाहिलाच असेल, गाणी तर आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत. जब्बार पटेलांचा चित्रपट, गोनीदांची कादंबरी, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत. माझा अत्यंत आवडता. तरी त्यातलं एक गाजलेलं गाणं 'आम्ही ठाकर' अशी स्वतःची ओळख करून देत सुरू होतं, ते ऐकताना मी नेहमी थबकते. आपल्याच रानात ठाकर आदिवासी हे कोणाला सांगणार? ते आपल्यासाठी आहे, शहरातल्या मराठी माणसासाठी. गाणं अप्रतिम आहे, पण नजर बाहेरून आत येणारी आहे आणि प्रेमाने भरलेली आहे. प्रेमाने भरलेली नजरही बाहेरचीच असू शकते. तुमच्या कौतुकाच्या अडचणीचं मूळ बहुधा इथेच सापडेल.

आणि 'फँड्री'. नागराज मंजुळे यांनी 2013 साली केलेला. शीर्षकच कैकाडी भाषेतलं, अर्थ डुक्कर. मराठी प्रेक्षकाला आपल्याच भाषेतल्या चित्रपटाचं नाव समजून घ्यावं लागलं, यातच निम्मं काम झालं. कैकाडी ही द्राविडी कुळातली बोली, तमिळशी नातं सांगणारी. गावात मराठी आणि घरात कैकाडी असं त्यातल्या जब्या या मुलाच्या कुटुंबाचं जगणं आहे. शेवटाकडचा डुकरं पकडण्याचा लांबलचक प्रसंग मी विद्यार्थ्यांबरोबर किती वेळा पाहिला असेन. गाव मजा बघतंय, जब्या त्याला आवडणाऱ्या शालूला दिसू नये म्हणून भिंतीआड लपतोय, शाळेत राष्ट्रगीत सुरू झाल्यावर सगळं कुटुंब ताठ उभं राहतं आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटून जातं. देशाचं असणं आणि गावाचं नसणं एकाच चौकटीत दाखवलंय, एकही वाक्य न बोलता. मग मेलेलं डुक्कर काठीला बांधून ते महापुरुषांच्या चित्रांच्या भिंतीवरून चालत जातात. कॅमेरा तिथे क्षणभरही रेंगाळत नाही. बघायचं त्याने बघावं. आणि जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्याकडे येतो, पडदा काळा होतो. तिथे आपल्याला कळतं की इतका वेळ मजा बघणाऱ्यांच्या गर्दीत आपणही उभे होतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मंजुळे कैकाडी नाहीत, वडार समाजातले आहेत. म्हणजे 'त्याच समाजाचा असेल तरच करावं' हा नियम तिथेही लागू होत नाही. पण हिणवलं जाणं काय असतं हे त्यांना ऐकून माहीत नव्हतं. तुम्हाला आणि मला ते ऐकूनच माहीत आहे. वडोदऱ्यात आपण मराठी संख्येने कमी, बाहेर गुजराती आणि घरात मराठी बोलतो, 'तुम्ही मूळचे कुठले' हा प्रश्न आपल्यालाही चार पिढ्यांनंतर येतो. भाषेची ही अदलाबदल तुम्हाला अंगाने कळते, तिचा उपयोग करा. पण आपण गायकवाडांबरोबर आलेले. आपल्याला या शहरात घर नाकारलं गेलं नाही. 1917 साली परदेशी शिकून आलेल्या बाबासाहेबांना मात्र याच शहरात राहायला जागा मिळाली नव्हती. शिष्यवृत्ती महाराजांनी दिली होती, खोली कोणी दिली नाही. पारशी धर्मशाळेतून निघावं लागलं, तेव्हा कमाटीबागेतल्या झाडाखाली बसण्याची वेळ आली. आपल्या आणि वस्तीच्या 'बाहेरचेपणात' हे एवढं अंतर आहे. निवेदनात "आम्हीही इथे अल्पसंख्यच" असलं काही लिहिलं असेल तर काढून टाका.

चौथं नाव गुजरातेतलंच आहे आणि त्याचा एक धागा आपल्या शहरातून जातो. 1998 च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन शबर हा तरुण पोलीस कोठडीतल्या मारहाणीत गेला. त्याच वर्षी बंगाली लेखिका महाश्वेतादेवी वडोदऱ्यात व्याख्यानाला आल्या, आणि त्या, भाषातज्ज्ञ गणेश देवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी गट उभा केला. त्यातून अहमदाबादच्या छारानगरात तरुणांचं बुधन थिएटर सुरू झालं. छारा म्हणजे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्यांपैकी एक समाज, आपल्याकडच्या कंजारभाटांचे भाऊबंद. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, संशय गेला नाही. शाश्वती तालुकदार आणि केरीम फ्रीडमन यांनी या नाटकमंडळींवर 'प्लीज डोन्ट बीट मी, सर!' हा माहितीपट केला, 2011 साली. तो बघा. त्यांच्या बुधनवरच्या नाटकात मारणारा पोलीस आणि मार खाणारा बुधन, दोन्ही भूमिका करणारे छाराच. पोलिसाची भूमिका करणारा पोरगा ती चाल, ती शिवी कुठून शिकला असेल याचा विचार करा. त्या मंडळींतले दक्षिण बजरंगे पुढे स्वतः चित्रपट करू लागले. कॅमेरा त्यांच्याच हातात गेला की काय बदलतं तेही त्यांच्या कामात बघता येईल.

तुमच्या चित्रणाकडे येते. पहिलं काम ध्वनीचं. चित्र बंद करा आणि चौदा तास नुसते ऐका. बायका एकमेकींशी बोलतात ती बोली आणि तुमच्या प्रश्नाला उत्तर देतानाची गुजराती, यांत फरक ऐकू येईल. तुमच्याशी बोलताना त्या जपून, सरकारी सर्वेक्षणाला द्यावी तशी उत्तरं देतात. जिथे तुम्ही खोलीत आहात हे त्या विसरल्या आहेत ते तुकडे वेगळे काढा. फार निघणार नाहीत, वीस-पंचवीस मिनिटं निघाली तरी भाग्य. पुन्हा जाल तेव्हा प्रश्न वस्तीतल्याच कोणाला तरी विचारू द्या, दहावी-बारावीतली एखादी मुलगी उत्तम. आजीला नात विचारते तेव्हा आजी नातीला चिडवते, खोडून काढते, मध्येच "तुला माहीत आहे ते" म्हणून गाळते. ते गाळलेलं तसंच ठेवा. बाहेरच्याला सगळं कळायलाच हवं असं नाही.

मराठी उपशीर्षकं देणार असाल तर त्यांच्या बोलण्याला "व्हय, न्हाय" असली खेडवळ मराठी चिकटवू नका. ती त्यांची भाषा नाही, तो आपला समज आहे. साधी, नेटकी मराठी द्या आणि नकलेचा मोह टाळा.

अनवाणी पायांचे जवळून घेतलेले तुकडे, शेळ्या, नाक वाहणारी मुलं, सुरकुतलेले हात: हे सगळं एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि पहिली जुळणी त्याशिवाय करा. बासरीही नको. त्या वस्तीत दिवसभर काय वाजतं? मोबाइलवरची डाकलांची, म्हणजे देवीपुढे वाजणाऱ्या डाक वाद्यावरची गाणी, प्रेशर कुकर, ट्रकचा हॉर्न. तेच संगीत.

एका गोष्टीबाबत मात्र मी कठोर आहे. ज्या समाजांवर जन्मापासून संशय घेतला जातो त्यांच्याबाबत फिल्म हा पुरावाही होऊ शकतो. गुजरातेत दारूबंदी आहे, जागा बहुतेकांच्या नावावर नाही, फेरीवाल्यांकडे परवाने नसतात. चौकटीच्या कोपऱ्यात दिसणारं पिंप, दारावरचा घरनंबर, एखाद्याच्या तोंडून सहज निघालेलं नाव यामुळे नंतर कोणाच्या दारात कोण येऊन उभं राहील याची हमी तुम्ही देऊ शकत नाही. एकदा सही घेतली म्हणजे संमती झाली असं समजू नका. जुळलेला तुकडा त्या माणसाला दाखवा आणि मग पुन्हा विचारा. नको म्हणाला तर तो कितीही चांगला असला तरी जाऊ द्या. मी असे तुकडे सोडले आहेत, आजही आठवतात, आणि सोडले ते बरंच केलं.

समाजातल्याच चुकीच्या गोष्टी दाखवायच्या की नाही, हेही तुम्ही कधीतरी विचाराल. पंचांचे दंड, मुलींची लवकर होणारी लग्नं. दाखवा, पण त्याविरुद्ध आतूनच बोलणारं माणूस शोधून त्याच्या बाजूने दाखवा. कंजारभाट समाजातल्या कौमार्य चाचणीविरुद्ध 2018 साली त्याच समाजातली शिकलेली मुलं-मुली उभी राहिली, बहिष्कार सोसून. बाहेरून गेलेल्या कॅमेऱ्याने फक्त पंच दाखवले असते तर समाजाला पुन्हा एकदा काळिमा लागला असता आणि ही मुलं कोणाला दिसलीच नसती.

कच्ची जुळणी पस्तीस-चाळीस मिनिटांची ठेवा आणि वस्तीत न्या. संध्याकाळी लवकर नको, फेरीवरून बायका उशिरा येतात, स्वयंपाक उरकायला नऊ वाजतात. पडदा म्हणून कोणाचीतरी पांढरी चादर त्यांनाच टांगू द्या. तुम्ही पडद्याकडे बघू नका, लोकांकडे बघा: कुठे हसतात, कुठे बोलायला लागतात, कुठे कोणी उठून जातं. वही घेऊन बसा आणि वेळ टिपा. ते गप्प झाले तर तिथे हात लावू नका. ते आपापसात बोलायला लागले तर बहुधा तिथे तुमचं निवेदन चालू असेल.

प्रोजेक्टर आणि स्पीकर माझ्याकडे आहेत, दोन दिवस आधी कळवून घेऊन जा. आणि जुळणीच्या आधी तो ध्वनी एकदा माझ्याकडे पाठवा, मला ऐकायला आवडेल.